वजन कमी करायच्या 'हर्बल' कॅप्सूल लॅबमधून तपासून घेतल्या : कॅप्सूलला शून्य, लॅबला चार स्टार

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही की केमिस्ट नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात माझा लेबल-स्टिकर छापायचा प्रेस आहे, बावीस वर्षं झाली. हा रिव्ह्यू दोन गोष्टींचा आहे, एक आमच्या घरात आलेल्या कॅप्सूलच्या बाटलीचा आणि दुसरा ती बाटली जिथं तपासली त्या लॅबच्या सर्व्हिसचा. नावं दोन्हींची देत नाही. कॅप्सूलची तक्रार दिलेली आहे, ती चालू आहे म्हणून, आणि लॅब तुम्हाला कुठलीही चालेल पण लॅबला विचारायचं काय हे माहीत पाहिजे, आणि तेच सांगायला हे एवढं लांबलचक लिहितोय.

बायको सकाळी रंकाळ्यावर फिरायला जाते, सात-आठ जणींचा ग्रुप आहे. दिवाळीनंतर त्यातल्या एका वहिनींनी बाटली आणली, ६० कॅप्सूल, १,८५० रुपये, सकाळी एक संध्याकाळी एक. लेबलवर हिरवी पानं, "१००% हर्बल, नो साइड इफेक्ट". आत काय तर हळद, त्रिफळा, ग्रीन टी आणि गार्सिनिया, म्हणजे आपल्या कोकमाच्याच कुळातलं. आम्ही म्हटलं स्वयंपाकघरातलंच आहे सगळं, घे की.

पहिल्या आठवड्यातच फरक दिसायला लागला आणि खरं सांगायचं तर तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. रविवारी मटण केलं होतं, तांबडा पांढरा सगळं, आणि हिनं अर्ध्या भाकरीवर ताट सरकवलं. म्हणाली भूकच नाही. जिला रविवारचा पांढरा रस्सा दोन वाट्या लागतो ती म्हणते भूक नाही. सात आठवड्यांत सहा किलो गेले, ग्रुपमध्ये सगळ्यांनी कौतुक केलं, दुसरी बाटली आली, मला पण बरं वाटलं कारण तिला स्वतःला लई बरं वाटत होतं.

मग एका रात्री दोन वाजता जाग आली तर ही स्वयंपाकघरात लाइट लावून बसलेली. तोंडाला कोरड पडलेली, तांब्याभर पाणी संपलेलं. म्हणाली, अहो, आठवडा झाला झोपच नाही मला, तुम्हाला सांगितलं नाही, छातीत नुसतं धडधडतंय, बघा हात लावून. मी मनगट धरलं तर नाडी नुसती पळत होती. आईसाठी आणलेलं बीपीचं मशीन लावलं, १५२/९८ आणि पल्स ११२. वय ४४, आजपर्यंत बीपीची एक गोळी घेतलेली नाही.

सकाळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, औषध कुठलं चालू आहे? ही म्हणाली, काही नाही. खोटं नव्हती बोलत हो, तिच्या डोक्यात ते औषध नव्हतंच, हर्बल होतं. मी खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली तेव्हा डॉक्टर दोन मिनिटं लेबल वाचत बसले. ईसीजी काढला, तो नॉर्मल आला देवाच्या कृपेनं. म्हणाले आजपासून बंद, एकही घ्यायची नाही, आणि भूक जाणं, तोंड कोरडं, झोप नाही, पोट साफ नाही, पल्स वर, ही सगळी लक्षणं एकत्र आली की मला यात औषध मिसळल्याचा संशय येतो, पण तपासल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही. बंद केल्यावर सहाव्या दिवशी पल्स ८० वर आली. झोप लागायला दहा दिवस गेले.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, वहिनींचं डिटॉक्स चाललंय, शरीर घाण बाहेर टाकतंय, मध्येच सोडू नका. वर म्हणाला आमच्याकडं लॅब रिपोर्ट आहे आणि पीडीएफ पाठवून दिली. त्या पीडीएफकडं मी नंतर येतो, आधी लेबल सांगतो कारण तो माझा धंदा आहे.

दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या. एक दिवाळीनंतर घेतलेली, दुसरी पहिली संपल्यावर, जवळजवळ महिन्यानं. दोन्हींवर बॅच नंबर तोच, तारीख तीच. बरं एकाच बॅचच्या असतीलही, म्हणून लूप लावून बघितलं, आम्ही छपाईत ठिपके बघायला वापरतो ती भिंग. खऱ्या मालात कसं असतं, लेबल आधी हजारांनी छापून येतं आणि बॅच, तारीख, किंमत माल भरताना वरून मारतात, इंकजेटनं किंवा शिक्क्यानं, त्यामुळं ती अक्षरं जरा वेगळ्या काळ्या शाईत, थोडी वाकडी, कधी लॅमिनेशनच्या वर बसलेली दिसतात. इथं बॅच नंबर बाकीच्या मजकुरासोबतच छापलेला होता, त्याच शाईत, त्याच ठिपक्यांत, लॅमिनेशनच्या खाली. म्हणजे हजारो लेबलांवर एकच बॅच, कधीही भरा, काहीही भरा. हे बघितल्यावर माझ्या पोटात गोळा आला, कारण असं लेबल छापून द्या म्हणणारी माणसं माझ्या काउंटरला पण येऊन गेलेली आहेत.

मग एफएसएसएआयचा, म्हणजे खाण्याच्या मालाला लायसन्स देणाऱ्या सरकारी संस्थेचा नंबर. तो १४ आकडी असतो आणि फूड सेफ्टी कनेक्ट नावाच्या सरकारी ॲपवर टाकला की कुणाचा आहे ते दिसतं, फुकट आहे, दोन मिनिटांचं काम. पहिला आकडा १ असेल तर लायसन्स, २ असेल तर रजिस्ट्रेशन, जे छोट्या धंद्याला मिळतं. या बाटलीवरचा नंबर २ नं सुरू होणारा आणि निघाला दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मसाला पॅक करणाऱ्याचा. त्या बिचाऱ्याला माहीत तरी आहे का नाही देव जाणे.

आता ती पीडीएफ. दिसायला एकदम भारी, लोगो, सही, शिक्का, खाली 'पास'. मी ती भाचीला दाखवली, शिवाजी विद्यापीठात एमएस्सी केमिस्ट्री करते. तिनं वरून खाली एकदा वाचलं आणि म्हणाली, मामा, यात त्यांनी शिसं, पारा, आर्सेनिक, कॅडमियम बघितलंय, आणि जंतू बघितलेत, ई. कोलाय, साल्मोनेला. औषध बघितलेलंच नाही. जे शोधलंच नाही ते सापडणार कुठनं? तसल्या रिपोर्टात गोळीभर औषध घातलं तरी पासच येतंय. हे वाक्य मी लिहून ठेवलंय. रिपोर्ट खोटा असायची गरजच नाही, रिपोर्ट खरा असतो, फक्त प्रश्न दुसराच विचारलेला असतो.

लॅबला पैसे घालायच्या आधी घरीच काही कळतंय का म्हणून भाचीनं एक प्रयोग करून दाखवला, तो सांगतो कारण मोबाइलवर असले व्हिडिओ फिरत असतात आणि लोक त्यावर विश्वास ठेवतात. वजनाच्या गोळ्यांत भेसळ म्हणून फिनॉल्फ्थॅलीन घालायची पद्धत आहे, शाळेत टायट्रेशनला वापरतो तेच, पूर्वी ते जुलाबाचं औषध म्हणून विकलं जायचं, नंतर कॅन्सरच्या संशयावरून अमेरिकेनं १९९९ मध्ये ते बंद केलं. ते अल्कलीत गुलाबी होतं हे सगळ्यांना माहीत आहे. तर कॅप्सूल उघडून काळ्या कार्डशीटवर पावडर ओतली, प्रेसमध्ये तेच हाताशी होतं, तपकिरी-पिवळी पावडर आणि लूपमधून बघितलं तर मध्ये मध्ये पांढरे बारीक कण चमकताना. मला वाटलं सापडलं! भाची म्हणाली थांबा की मामा, ते स्टार्च असेल, कॅप्सूल भरताना घालतातच काहीतरी पांढरं. मग चिमूटभर पावडर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकली. लालभडक. आता तर माझी खात्रीच झाली. ती हसली आणि म्हणाली, आजी कुंकू कशाचं करायची? हळदीला चुना लावला की लाल होतंय, ही हळदच आहे. त्यात लिंबू पिळलं तर परत पिवळं झालं. फिनॉल्फ्थॅलीन असतं तर रंग नुसता उडाला असता. आणि सोनामुखी घातलेली असेल तरी सोड्यात लाल होतंय, त्यामुळं रंगावरून काही ठरत नाही, हळदीखाली दुसरं काही झाकलेलं असलं तरी डोळ्याला कळणार नाही. मी लॅबला फोन करतो म्हणाली. (आमच्याकडच्या पोरी करतो-जातोच म्हणतात, पुण्या-मुंबईच्या लोकांनी गोंधळू नये.)

तीन लॅबना फोन केले. दोघांनी लगेच हर्बल पॅकेज सांगितलं, साडेतीन-चार हजार, आणि पॅकेजमध्ये काय तर तेच शिसं, पारा, जंतू. त्यांची चूक नाही, लोक तेच मागतात, एक्स्पोर्टला आणि लायसन्सला तेच लागतं. भाचीनं फोनवर नेमके शब्द वापरले, "वजन कमी करायच्या प्रॉडक्टमधली लेबलवर न लिहिलेली ॲलोपॅथी औषधं, एलसी-एमएस/एमएस वर स्क्रीनिंग, यादीत कुठली नावं आहेत ती ईमेल करा." (एलसी-एमएस/एमएस म्हणजे पदार्थ वेगळे करून त्यांच्या रेणूचं वजन मोजणारं मशीन.) तिसऱ्या लॅबनं, पुण्याची आहे, यादी पाठवली. सिब्युट्रामिन, त्याचे दोन डेसमिथाइल प्रकार (म्हणजे रेणूतला छोटा तुकडा काढलेले), फिनॉल्फ्थॅलीन, फ्लुओक्सेटिन, रिमोनाबँट, फेनफ्लुरामिन, एफेड्रिन, फ्युरोसेमाइड, बिसाकोडिल आणि अजून काही. एनएबीएल, म्हणजे लॅबना मान्यता देणारी संस्था, तिची मान्यता होती, आणि आम्ही हे पण विचारलं की मान्यता याच टेस्टला आहे का, कारण एनएबीएल प्रत्येक टेस्टसाठी वेगळी बघावी लागते, लॅबला पाण्याच्या टेस्टची मान्यता असेल आणि तोच लोगो सगळीकडं लावला असेल तर उपयोग नाही.

खर्च ६,५०० आणि वर १८ टक्के जीएसटी, ७,६७० रुपये. महाग आहे, मान्य आहे. ग्रुपमधल्या पाच जणींनी मिळून निम्मे दिले. लॅबनं न उघडलेली बाटली मागितली, म्हणून दुसऱ्या बाटलीऐवजी एका वहिनींची सीलबंद बाटली पाठवली, बॅच नंबर अर्थात तोच. फोटो काढले चारी बाजूंनी, बिलाची झेरॉक्स (बिल म्हणजे हातानं लिहिलेला कागद, त्यावर जीएसटी नंबर नाही), आणि कुरिअर केलं. पोचल्यावर त्यांनी सॅम्पल नंबर दिला आणि सील शाबूत असल्याचा फोटो पाठवला, हे मला आवडलं, पार्सल हरवलं-बदललं हा प्रश्नच राहिला नाही.

टेस्ट करतात कशी हे लॅबच्या मॅडमनी फोनवर पंधरा मिनिटं समजावून सांगितलं, त्याबद्दलच एक स्टार वेगळा द्यावासा वाटतो. वीस कॅप्सूल उघडून पावडर एकत्र कुटतात, त्यातली थोडी मिथेनॉलमध्ये हलवून घेतात, बारीक फिल्टरमधून गाळतात. मग ते पाणी एका बारीक नळीतून, कॉलम म्हणतात त्याला, ढकलतात, तिथं एकेक पदार्थ वेगवेगळ्या वेळेला बाहेर पडतो. बाहेर आला की मशीन त्याचं रेणूचं वजन मोजतं आणि त्याला फोडून तुकड्यांची वजनं पण मोजतं. सिब्युट्रामिन २८० वर दिसतं, फोडलं की १२५ आणि १३९ चे तुकडे पडतात. त्यात क्लोरिन असल्यामुळं २८० च्या शेजारी २८२ वर एक छोटा जोडीदार दिसतो, तीनास एक अशा मापात. शुद्ध सिब्युट्रामिनचं स्टँडर्ड त्याच मशीनवर चालवून बघतात आणि वेळ, वजन, तुकडे, तुकड्यांचं माप, सगळं जुळलं तरच आढळलं असं लिहितात. मला हे लगेच कळलं. चार रंगांची छपाई करताना कोपऱ्यात रजिस्टर मार्क असतात, चारी रंगांच्या खुणा एकावर एक बसल्या तरच जॉब बरोबर, एक जरी हलली तरी दिसतं. तसंच आहे ते. हळद, चहा, त्रिफळा यांची गर्दी कितीही असली तरी या सगळ्या खुणा एकाच जागी दुसरं कुणी जुळवून आणणं फार अवघड.

सात दिवस सांगितले होते, अकराव्या दिवशी रिपोर्ट आला. मी प्रेसमध्ये होतो, मशीन चालू होतं, मोबाइलवर उघडला. सगळीकडं "आढळले नाही", "आढळले नाही", फिनॉल्फ्थॅलीन पण नाही, भाचीची हळद बरोबर निघाली. आणि एका ओळीत सिब्युट्रामिन : २४,६०० मि.ग्रॅ./कि.ग्रॅ.

मला त्या आकड्याचा काही अर्थ लागेना. किलोमध्ये कॅप्सूल कोण खातंय? भाचीला फोटो पाठवला तर तिनं तिथल्या तिथं गणित करून दिलं. एका कॅप्सूलमध्ये पावडर ०.४८ ग्रॅम, एका ग्रॅममध्ये २४.६ मिलिग्रॅम, म्हणजे कॅप्सूलमागं ११.८ मिलिग्रॅम. दिवसाला दोन म्हणजे साडेतेवीसच्या वर. हे औषध जेव्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळायचं तेव्हा सुरुवात दिवसाला १० नं करायचे आणि जास्तीत जास्त १५. आमच्या घरात सात आठवडे दीडपट चाललं होतं, चिठ्ठी नाही, बीपी तपासणं नाही, चहाच्या कपासोबत.

सिब्युट्रामिन म्हणजे काय तेही सांगतो, नाहीतर नुसतं नाव ऐकून काही वाटत नाही. मेंदूतली दोन रसायनं, सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन, ती परत शोषली जाऊ देत नाही, त्यामुळं पोट भरल्यासारखं वाटतं. भूक खरंच जाते, वजन खरंच उतरतं, म्हणून तर लोक दुसरी बाटली घेतात. पण त्याच कारणानं पल्स आणि बीपी वर जातं. अमेरिकेत १९९७ मध्ये मंजूर झालेलं, मेरिडिया नावानं विकायचे, युरोपात रिडक्टिल. नंतर जवळजवळ १०,००० लोकांवर एक मोठी चाचणी झाली, आधीच हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या जाड लोकांवर, त्यात हे औषध घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा धोका १६ टक्क्यांनी जास्त निघाला. युरोपनं जानेवारी २०१० मध्ये थांबवलं, अमेरिकेत ऑक्टोबर २०१० मध्ये कंपनीनं मागं घेतलं आणि आपल्या सरकारनं फेब्रुवारी २०११ मध्ये बंदी घातली. म्हणजे जे आता मेडिकलमध्ये चिठ्ठी दाखवून पण मिळत नाही ते रंकाळ्याच्या बाकावर पिशवीतून मिळतंय.

आणि हे आमच्या एकट्याच्या नशिबाला आलेलं नाही. भाचीनं एक अभ्यास दाखवला, अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्यानं, २००७ ते २०१६ या काळात ७७६ सप्लिमेंटमध्ये लपवलेली औषधं पकडली, त्यातली ३१७ वजन कमी करायची, आणि त्या ३१७ पैकी २६९ मध्ये हेच सिब्युट्रामिन. बाजारातून जाऊन दहाच्या वर वर्षं झाली तरी पोत्यानं कुठंतरी बनतंय. आमच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला तर त्यांनी एकच गोष्ट वरून सांगितली, डिप्रेशनच्या गोळ्या चालू असलेल्या कुणी हे घेतलं तर फार वाईट, दोन्हीनं सेरोटोनिन वाढतं आणि माणूस थेट आयसीयूत जाऊ शकतो. ग्रुपमधल्या एक वहिनी तसल्या गोळ्या घेतात हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून बायकोला फोन करून सांगितलं. त्यांनी नशिबानं चारच कॅप्सूल घेतल्या होत्या, मळमळलं म्हणून सोडलं होतं. हे ऐकल्यावर आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही.

आता लॅबचा एक स्टार का कापला ते. एक तर तो आकडा. सामान्य माणूस पैसे भरून रिपोर्ट घेतोय तर कॅप्सूलमागं किती आणि दिवसाला किती हे लिहून द्यायला काय जातंय? मी फोन करून सांगितलं, त्यांनी सुधारित रिपोर्ट दिला, पण न मागता यायला पाहिजे. दुसरं, चार दिवस उशीर झाला आणि आपणच फोन करायचा, त्यांच्याकडनं निरोप नाही. तिसरी गोष्ट त्यांच्या हातातली नाही पण सांगायला पाहिजे, वीस कॅप्सूल एकत्र कुटल्यामुळं आकडा सरासरी आहे. असला माल कुणी मापानं भरत नसतं, घमेल्यात कालवून भरतात, एखादीत पाच असेल एखादीत पंचवीस. वेगवेगळ्या कॅप्सूलची टेस्ट करून मिळते पण प्रत्येकीचे वेगळे पैसे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, यादीत जेवढी नावं तेवढंच शोधतात. बनवणारे रेणूत थोडा बदल करतात, एखादा तुकडा काढतात नाहीतर दुसरा लावतात, सिब्युट्रामिनचे असले भाऊबंद बरेच सापडलेत, त्यांचं वजन वेगळं त्यामुळं २८० वर नजर लावून बसलेल्या मशीनला दिसत नाहीत. त्यासाठी हाय रिझोल्यूशन मशीनवर, क्यू-टॉफ म्हणतात, यादी न धरता स्कॅन करावं लागतं, ते महाग आणि वाचणारा माणूस तयारीचा पाहिजे. म्हणून तुमचा रिपोर्ट जर "आढळले नाही" आला आणि अंगावरची लक्षणं तशीच असली तर लक्षणांवर विश्वास ठेवा, कॅप्सूल बंदच करा.

तक्रारीचं थोडं. खासगी लॅबच्या रिपोर्टवर थेट केस होत नाही, अधिकाऱ्यानं स्वतः कायद्यानं सॅम्पल घ्यावं लागतं, अन्नाचं असेल तर चार भाग करून सील करतात. पण रिपोर्ट जोडला की तक्रारीला वजन येतं. आपल्याकडं अन्न आणि औषध दोन्ही एकाच प्रशासनाकडं आहेत, महाराष्ट्राच्या एफडीएचा टोल फ्री १८००-२२२-३६५. गिऱ्हाइकाला स्वतः सरकारी विश्लेषकाकडून तपासून घ्यायचा हक्क पण आहे हे मला पहिल्यांदाच कळलं, औषधासाठी १९४० च्या कायद्याचं कलम २६ आणि अन्नासाठी २००६ च्या कायद्याचं कलम ४०, फी भरून. अन्नाच्या कलमात एक अट आहे की विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं की मी हे तपासायला देणार आहे, आणि माल नियमात बसत नाही असं निघालं तर फी परत मिळते. घेतल्यावर त्रास झाला असेल तर १८००-१८०-३०२४ हा औषधांच्या दुष्परिणामांचा राष्ट्रीय नंबर आहे, तिथं सामान्य माणूस पण कळवू शकतो. आम्ही कळवलं, डॉक्टरांनी फॉर्म भरायला मदत केली.

रिपोर्टची गोष्ट गल्लीत पसरली आणि एका तालमीचे वस्ताद प्रेसवर आले. त्यांची दोन पोरं वजन गट धरायला मॅटवरच्या कुस्तीआधी 'फॅट कटर' पावडर घेतात. सिब्युट्रामिन आणि फ्युरोसेमाइड (लघवी जास्त करवणारं औषध) दोन्ही वाडाच्या, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या, बंदी यादीत आहेत, आणि डोपिंगच्या नियमात मला माहीत नव्हतं हे कारण चालत नाही, लघवीत सापडलं की जबाबदारी पैलवानाची. पहाटे चारला उठून जोर मारणारं पोरगं असल्या डब्यापायी बाद व्हायचं म्हणजे काय. वस्तादांना लॅबचा नंबर दिला, फोनवर काय विचारायचं ते भाचीचं वाक्य कागदावर छापून दिलं.

तो कागद आता प्रेसच्या काउंटरवर ठेवलाय, कुणीही घेऊन जा. आणि बॅच नंबर लेबलातच छापून द्या म्हणणाऱ्याला मी आता परत पाठवतो, गेल्या महिन्यात दोघांना पाठवलं, कारण सांगून.

बायकोचं बीपी परवा १२४/८० होतं. सहातले चार किलो परत आलेत, तिला त्याचं वाईट वाटतंय आणि मी ते हसण्यावारी नेत नाही, कारण ती तेव्हा आरशात बघून खरंच खूश असायची. आता आहाराचं बघायला एका आहारतज्ज्ञ मॅडमकडं जाते, रंकाळ्याची फेरी चालूच आहे. सोमवारी ग्रुपमधल्या अजून एका वहिनींची बाटली लॅबला पाठवतोय, दुसऱ्याच ब्रँडची, त्यांना पण तोंडाला कोरड पडतेय म्हणाल्या.